गाडीत पाणी येतंय? आधी वाट शोधा

पावसाळ्यात गाडीचं कार्पेट ओलं दिसलं की लगेच सिलिकॉनची ट्यूब आणायला धावू नका. आधी पाणी कुठलं, ते ठरवा. बाहेर कोरडं असताना, एसी लावल्यावरच डाव्या सीटपुढे ओल येत असेल तर बहुतेक एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. ओल चिकट, गोडसर वासाची असेल तर तो कूलंट. हीटर कोअर तपासून घ्या.

पावसाचंच पाणी असेल तर बॉनेट उघडून पुढच्या काचेखालची जाळी बघा. गाडी झाडाखाली लागत असेल तर तिथे कुजलेला पाला हमखास सापडतो. निचऱ्याची भोकं बुजली की पाणी ब्लोअरच्या वाटेनं आत शिरतं. सनरूफच्या नळ्याही अशाच तुंबतात. त्यात जोरात हवा मारू नका, नळी आतल्या आत निखळते.

तरी सापडत नसेल तर एकानं टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्यानं पाइपची बारीक धार खालून हळूहळू वर न्यावी. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं, वाट कळत नाही. दाराच्या बीडिंगलगत आतून टाल्कम पावडर भुरभुरा, ओघळ स्पष्ट उमटतो. स्पीकर बदलले असतील तर दाराच्या ट्रिममागचा प्लॅस्टिकचा पडदाही बघा, तो तेव्हाच फाटतो.

आणि कार्पेट वरून कोरडं लागलं तरी फसू नका. खालचा फोम पाणी धरून ठेवतो, बऱ्याच गाड्यांत वायरिंगही तिथूनच जातं. कार्पेट उचलूनच वाळवा. या रविवारी निदान ती जाळी तरी साफ कराच!