कॉन्फरन्सला जायचंय... पण नक्की कुठल्या?

सर्वप्रथम एक कबुली. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने मराठी विभागात लेख लिहायचा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आनंदच! संपादक मंडळाने चुका दुरुस्त केल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर त्या माझ्या. पण गेले चार महिने आमच्या ग्रुपने ह्या विषयावर इतकं डोकं खाजवलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झालं असं, की आमचा मिनी प्रोजेक्ट होता इंग्रजी अक्षरांत टाईप केलेल्या मराठी मेसेजेसवर. 'नाही' हा साधा शब्द, पण मोबाईलवर तो लिहिताना लोक आठ प्रकारची स्पेलिंग्ज करतात. वाक्य रागाने लिहिलंय, प्रेमाने की टोमणा आहे, हे कॉम्प्युटरने ओळखायचं. कॉम्प्युटरचं सोडा, मलाच ओळखता येईना! 'वा, काय दिवे लावलेस' ह्या वाक्याला मी 'कौतुक' असं लेबल लावलं होतं. आजीने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "अगं, तुला शाळेत शिकवलं तरी काय?" त्यानंतर शंका असलेलं प्रत्येक वाक्य आजीकडे गेलं. शेवटी निकाल बरे आले. गाईड सर खूश झाले आणि म्हणाले, "पेपर लिहा आणि युरोपात कुठेतरी टाका."

आता युरोप म्हणजे काय कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान आहे का, कुठेतरी टाकायला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाकीच्या बऱ्याच शास्त्रांत संशोधन जर्नलमध्ये छापलं की मोठं समजतात. कॉम्प्युटरवाल्यांचं उलटं आहे. आपल्याकडे चांगल्या परिषदेत पेपर स्वीकारला जाणं हीच मोठी गोष्ट. तीन-चार परीक्षक पूर्ण पेपर वाचतात, चिरफाड करतात, आणि बहुतेक वेळा नाही म्हणतात. व्हिएन्नात झालेल्या २०२४ च्या आयसीएमएलला साडेनऊ हजारांच्या आसपास पेपर आले होते, त्यातले सुमारे सव्वीसशे घेतले. म्हणजे चारातले तीन घरी परत.

आणि नेमकं हेच आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. त्यामुळे शोध सुरू केला त्याच आठवड्यात पॅरिसहून मेल आली तेव्हा आम्ही हवेत! "आदरणीय डॉक्टर" अशी सुरुवात (मी अजून टीईला आहे हो!). नुसता सारांश पाठवा, अठ्ठेचाळीस तासांत निर्णय. आम्ही पाठवला. तिसाव्या तासाला अभिनंदन! एक प्रश्न नाही, एक शंका नाही, एक कॉमासुद्धा बदललेला नाही. फी साडेचारशे युरो, शुक्रवारच्या आत. आमच्यातल्या एकाच्या घरी तर पेढे आले. त्याचे बाबा एफडी मोडायला निघाले होते.

शंका आली ती केवळ नशिबाने. रूममेटला नर्सिंगमधल्या तिच्या बहिणीकडून कळलं की तिलाही पॅरिसचीच मेल आली आहे. तेच हॉटेल, त्याच तारखा, तीच संस्था. मग आम्ही नीट बघितलं. त्या एकाच हॉटेलात त्याच दोन दिवसांत एआय, नर्सिंग, पूल बांधणी आणि दुग्धव्यवसाय अशा सगळ्यांच्या 'आंतरराष्ट्रीय परिषदा' होत्या. नंतर एक सीनियर भेटला, तो अशा एका ठिकाणी जाऊन आलेला. खोलीत सात माणसं, सातही जण पेपर वाचायला आलेली. एक बोलतो आणि बाकीचे सहा आपापल्या स्लाईड्स बघतात. सर्टिफिकेट मात्र जाड कागदावर.

हा धंदा नवा नाही. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की आलेख आणि संदर्भांसकट अख्खा पेपर तयार, पण अर्थ शून्य. त्यातला एक पेपर अमेरिकेतल्या एका परिषदेने चक्क स्वीकारला. पुढे ग्रेनोबलच्या सिरिल लाबे ह्या फ्रेंच संशोधकाने असे पेपर पकडण्याची युक्ती काढली आणि २०१४ साली स्प्रिंगर आणि आयईईई ह्या दोन नामांकित प्रकाशकांना मिळून एकशेवीसहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. म्हणजे नुसतं प्रकाशकाचं नाव मोठं म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवण्यातही अर्थ नाही.

खरी परिषद ओळखायची आमची पद्धत आता साधी आहे. मागच्या तीन वर्षांचे स्वीकारलेले पेपर उघडायचे आणि त्यातले दोन वाचायचे. समितीत ज्यांची नावं आहेत त्यांच्या स्वतःच्या पानावर ह्या परिषदेचा उल्लेख आहे का, ते बघायचं. आणि निर्णय दोन दिवसांत येत असेल तर पळायचं. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी चालवलेली 'कोअर' नावाची यादीही आहे, त्यात परिषदांना ए-स्टार, ए, बी, सी अशा श्रेणी दिलेल्या असतात. चाळणी म्हणून चांगली आहे. पण ती पाठ करून उपयोग नाही, का ते पुढे सांगते.

आता युरोपाकडे वळू. इथे एक घोटाळा सगळ्यांचाच होतो. काही परिषदा युरोपच्या आहेत आणि काही नुसत्या युरोपात येऊन जातात. ईसीएआय ही युरोपची. १९७४ पासूनची परंपरा, बरीच वर्षं एकाआड एक भरायची, पण २०२२ पासून दरवर्षी दिसते: व्हिएन्ना, क्राकोव्ह, सांतियागो दे कोंपोस्तेला, बोलोन्या, आणि २०२६ साठी जर्मनीतलं ब्रेमेन, तेही आयजेसीएआय ह्या जागतिक परिषदेसोबत. एआयमधलं सगळं इथे चालतं, म्हणजे तर्कशास्त्र, नियोजन, रोबो, भाषा, काहीही. ईसीएमएल-पीकेडीडी मशीन लर्निंग आणि डेटा मायनिंगची, सप्टेंबरात भरते. २०२३ ला तुरीन, २०२४ ला विल्नियस, २०२५ ला पोर्तो. ईसीसीव्ही कॉम्प्युटर व्हिजनची, फक्त सम वर्षांत. २०२४ ची मिलानला होती.

आयसीएमएल, आयसीएलआर, एसीएल ह्या मात्र फिरत्या. ह्या वर्षी युरोप, पुढच्या वर्षी भलतीकडेच. २०२४ मध्ये आयसीएलआर आणि आयसीएमएल दोन्ही व्हिएन्नाला, २०२५ मध्ये एसीएलही व्हिएन्नाला. व्हिएन्ना म्हणजे एआयचं दादर झालंय, सगळ्या गाड्या थांबतात! पण म्हणून 'आयसीएमएलला गेलो की युरोप बघून होईल' असा हिशेब करू नका. उलट नाव युरोपचं आणि गाव दुसरीकडे असंही होतं. ईएसीएल ही एसीएलची युरोपीय शाखा, तिच्या २०२६ च्या परिषदेचं ठिकाण मोरोक्कोतलं रबात, म्हणजे आफ्रिका. न्यूरिप्स ही सगळ्यात गाजलेली परिषद २०२५ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला होती, त्याच डिसेंबरात कोपनहेगनला 'युरिप्स' नावाची वेगळी परिषद भरली आणि न्यूरिप्सने घेतलेले पेपर तिथे मांडायची सोय केली गेली. दरवर्षी नकाशा बदलतो, तेव्हा सीनियरच्या अनुभवावर तिकीट काढू नये.

मग निवडायचं कसं? आम्ही चौघं कँटीनमध्ये दोन तास भांडलो. एकाला सर्वात वरची श्रेणी हवी होती, एकीला व्हेनिस (!), एकाला जिथे लवकर डेडलाईन असेल ते. शेवटी सरांनी एक युक्ती सांगितली, ती मला सगळ्यात पटली. ते म्हणाले, "तुमच्या पेपरच्या शेवटी जे संदर्भ दिलेत ना, ते कुठे कुठे छापले गेले ते मोजा. तुम्ही ज्यांचं वाचता ते लोक जिथे जमतात, तिथे जा."

मोजलं. एकही संदर्भ ईसीसीव्हीचा नाही, हे उघडच होतं. आयसीएमएलचे दोन. बाकी जवळजवळ सगळे भाषेच्या परिषदांचे, आणि त्यातले बरेच 'एलरेक' नावाच्या एका परिषदेचे, जिचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं. ही १९९८ मध्ये स्पेनमधल्या ग्रानादाला सुरू झाली, सम वर्षांत भरते. हिचा विषयच मुळी भाषेची साधनं: शब्दसंग्रह, डेटासेट, लेबल कशी लावली, दोन माणसांची लेबलं किती जुळली. आयसीएमएलच्या परीक्षकाने आमचा पेपर बघितला तर पहिला प्रश्न विचारेल, नवीन अल्गोरिदम कुठाय? नाहीये. आमच्याकडे आहेत मराठी वाक्यं आणि आजी. एलरेकमध्ये हीच तर कमाई समजली जाते.

आणि इथे आम्हाला मिळालेला खजिना म्हणजे, ह्या वाटेने आपलीच माणसं आधी गेलेली आहेत. पुण्याच्या एलथ्रीक्यूब ह्या गटाचं काम (मराठी मजकुराचा 'महाकॉर्पस', त्यावर शिकवलेलं 'महाबर्ट', मराठी नावं ओळखणारा 'महानेर') २०२२ साली मार्सेलच्या एलरेकमध्ये भारतीय भाषांच्या 'वाइल्डर' ह्या वर्कशॉपमध्ये मांडलं गेलं. त्यात पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे बीईचे विद्यार्थीसुद्धा लेखक आहेत. आमच्यासारखेच, सबमिशनला जर्नल्स उतरवून काढणारे! ते पेपर इंटरनेटवर फुकट आहेत, जरूर वाचा.

वर्कशॉप हा शब्द ऐकून फिटर-टर्नर डोळ्यांसमोर आणू नका. मोठ्या परिषदेच्या आधी किंवा नंतर, त्याच इमारतीत, एकाच छोट्या विषयावर एक दिवसाची बैठक असते तिला वर्कशॉप म्हणतात. पेपर बरेचदा छोटा चालतो, निवड थोडी सौम्य असते, आणि मुख्य म्हणजे खोलीतली सगळी माणसं तुमच्याच विषयातली. मोठ्या हॉलमध्ये शेकडो पोस्टर्स टांगलेली असताना कॉलेजच्या मुलीच्या पोस्टरपुढे कोण थांबणार? छोट्या खोलीत मात्र थांबायलाच लागतं. मला विचाराल तर पहिल्या वेळेला ए-स्टार परिषदेच्या दारातून मागे येण्यापेक्षा चांगल्या परिषदेच्या वर्कशॉपमध्ये बसणं कधीही बरं. आमच्यातला श्रेणीवाला मित्र अजून सहमत नाही.

आता कॅलेंडर, जे कुणीच बघत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण ताणला तर पंचेचाळीस. जून २०२४ पासून फी नव्वद युरो आहे, आणि किमान तीस हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. म्हणजे पेपर स्वीकारल्याची मेल आणि परिषद ह्यांत अडीच महिने तरी हवेत. ती तारीख आधीच जाहीर असते, पेपर पाठवायच्या आधी ती बघा. परिषद तुरीनला आणि पुढे पॅरिसला भटकंती असा बेत असेल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. आणि डब्लिन किंवा लंडन शेंगेनमध्ये येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा! आमचा पहिला फटका तर व्हिसाच्याही आधीचा: चौघांत पासपोर्ट एकाकडेच. शिवाय आपलं वेळापत्रक. २०२४ ची एलरेक मे महिन्यात होती, म्हणजे आपल्या परीक्षेच्या तोंडावर. ईसीएआय २०२५ ऑक्टोबरच्या शेवटी, भाऊबीज होते न होते तोच.

पैशांचं सरळ सांगते. विद्यार्थ्यांची फी कमी असते तरी ती काही शे युरो असते, वर विमान आणि राहणं. कित्येक परिषदा विद्यार्थ्यांना स्वयंसेवक म्हणून घेतात (माईक फिरवणं, बॅजेस वाटणं) आणि बदल्यात फी माफ करतात. त्याचे अर्ज वेगळे असतात आणि लवकर संपतात. चौघं लेखक असले तरी एकाने जाऊन मांडलं तरी चालतं. आमच्यात हा विषय निघाला तेव्हा मिनिटभर कुणीच बोललं नाही. मग चिठ्ठ्या टाकल्या.

पेपर तयार नसेल तर? तर परिषदेऐवजी उन्हाळी शाळा बघा. ईएसएसएलएलआय १९८९ पासून चालू आहे, भाषा, तर्क आणि कॉम्प्युटर ह्यांवर दोन आठवडे वर्ग असतात. २०२४ ला लूव्हेन, २०२५ ला बोखुम. पूर्व युरोपातली ईईएमएल २०२४ ला सर्बियात नोवी सादला होती. तिथे शिकवायला येतात तेच लोक ज्यांचे पेपर आपण वाचतो, आणि ते तिथे आठवडाभर असतात, नुसते चहाच्या वेळेपुरते नाही.

आमचा पेपर गेला आहे. कुठे, ते सांगत नाही, उत्तर येईपर्यंत नजर नको लागायला. चिठ्ठीत माझं नाव निघालं, त्यामुळे पासपोर्टसाठी धावपळ मला. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "परदेशात कशासाठी?" मी 'सेंटिमेंट ॲनालिसिस' वगैरे सुरू केलं. आजी आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मराठीतले टोमणे समजावून सांगायला जातेय."

पेपरमधली आभाराची ओळ आजीच्या नावावर आहे. ती तिने तीनदा वाचून घेतली, आणि तिच्या नावाच्या स्पेलिंगमधली चूक काढली.