व्हेंटिलेटरवरील रुग्णाला व्यायाम कशासाठी?

‘डॉक्टर, बाबा व्हेंटिलेटरवर आहेत आणि फिजिओथेरपिस्ट त्यांचे पाय हलवून घेतात. त्यांना जरा शांत पडू द्यायला नको का?’ अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असलेले नातेवाईक मला हा प्रश्न नेहमी विचारतात. तो मायेपोटी विचारलेला असतो. परंतु या आजारात नुसते पडून राहणे फार महाग पडते, हे आपण जाणून घ्यायला हवे.

गंभीर आजारात शरीरातील दाह आणि हालचालीचा अभाव, दोन्ही मिळून स्नायू झपाट्याने झिजवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात अशा रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू अवघ्या १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी बारीक झाल्याचे सोनोग्राफीत दिसले. श्वासपटलाचा स्नायूही दुबळा होतो, आणि मग व्हेंटिलेटर काढणे लांबते. ज्येष्ठांकडे स्नायूंची शिल्लक आधीच कमी असते.

म्हणून रुग्ण गुंगीत असतानाच त्याचे सांधे हलवले जातात, कूस बदलली जाते. गुंगीचे औषध कमी झाले की हाताची मूठ वळणे, पाय उचलणे, पलंगाच्या कडेला बसणे, खुर्चीत बसणे, आधाराने उभे राहणे अशा पायऱ्या येतात. या वेळी नळ्या सांभाळल्या जातात. रक्तदाब वा प्राणवायूची पातळी ढळली, तर व्यायाम तत्काळ थांबवतात.

२००९ मध्ये अमेरिकेत व्हेंटिलेटरवरील १०४ रुग्णांचा अभ्यास झाला. लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. मात्र २०२२ मधील ७५० रुग्णांच्या अभ्यासात नेहमीपेक्षा अधिक जोरकस व्यायामाने जादा लाभ झाला नाही, उलट हृदयाचे ठोके व रक्तदाब बिघडण्याचे प्रसंग वाढले. तेव्हा व्यायाम हवा, पण रुग्णाला झेपेल एवढाच. आणि ते माप उपचार करणाऱ्यांनीच ठरवायचे.

आपण काय करावे? रुग्णाचे हातपाय परस्पर हलवू नका. परिचारिकेला विचारा, त्या दाखवतील तेवढेच करा. आजारापूर्वी ते किती चालत, काठी वापरत का, हे डॉक्टरांना सांगा. परवानगी घेऊन त्यांचा चष्मा व श्रवणयंत्र आणून द्या. आज वार कोणता, सकाळ आहे की संध्याकाळ, हे त्यांच्याशी बोलत राहा. त्याने मनाचा गोंधळ आवरण्यास मदत होते.

घरी आल्यावरही अशक्तपणा कित्येक महिने टिकू शकतो. तो आळस समजून रागावू नका. खुर्चीतून उठणे-बसणे, घरातल्या घरात चालणे, सोसेल त्याप्रमाणे वाढवा. डाळ, दूध, अंडी यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. चालताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा फार धाप लागली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्ट दिसले, तर त्यांना थांबवू नका. ‘आज बाबांनी किती केले?’ एवढे मात्र जरूर विचारा.