ॲस्बेस्टसची धूळ, घरातील स्त्री आणि कायद्यातील ‘कामगार’

भाषेच्या अभ्यासकाने वैद्यक व विधी या दोन शास्त्रांच्या सीमेवर पाऊल ठेवावे, हे कित्येकांस अनधिकार वाटण्याचा संभव आहे. परंतु एखाद्या व्यक्तीस भरपाई मिळते की नाही, हे जेव्हा अधिनियमातील एका शब्दाच्या व्याख्येवर अवलंबून असते, तेव्हा त्या शब्दाचा विचार भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा राहत नाही. परिभाषेचा प्रश्न आपल्या वाईस नवा नाही. मराठी विश्वकोशाच्या कार्यालयात तो अनेक दशके हाताळला जात आहे. प्रस्तुत लेखात मेसोथेलिओमा या रोगाने ग्रस्त झालेल्या स्त्रियांना कायद्याने कोणते मार्ग मोकळे ठेवले आहेत, आणि त्या मार्गांच्या तोंडाशी कोणते शब्द पहाऱ्यास बसले आहेत, याचा विचार करावयाचा आहे.

(१) रोग व त्याची नावे

ॲस्बेस्टस हे तंतुमय खनिज होय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. आगीस न जुमानण्याच्या या गुणामुळे ब्रेकचे अस्तर, बाष्पकांची वेष्टने, अग्निरोधक कापड व छपराचे पत्रे यांत त्याचा विपुल उपयोग झाला. त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले म्हणजे ते विरघळत नाहीत व सहसा बाहेरही पडत नाहीत. त्यांच्यामुळे फुप्फुस कठीण होत जाण्याच्या रोगास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसावरील किंवा उदरातील आवरणास होणारा कर्करोग तो मेसोथेलिओमा. धुळीचा संपर्क व रोगाचे प्रकटीकरण यांत बहुधा वीस ते चाळीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लोटतो. निदानानंतरचे आयुष्य मात्र पुष्कळदा एक-दीड वर्षाचेच असते. या दोन कालमानांतील विषमता पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

नाव नसलेल्या रोगास कायदा ओळखत नाही, याचे मूळ उदाहरण एका स्त्रीचेच आहे. इंग्लंडातील रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्स या कारखान्यात ॲस्बेस्टसचे सूत काढणारी नेली कर्शॉ १९२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. तिच्या डॉक्टरांनी ‘ॲस्बेस्टसची विषबाधा’ असा दाखला दिला होता. आजार व्यवसायजन्य आहे म्हणून आजारविमा संस्थेने तिला पैसे नाकारले. आणि असा रोग अनुसूचीत नाही, किंबहुना असा रोगच नाही, म्हणून मालकांनी भरपाई नाकारली. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी तो वृत्तांत प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये रोगास ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिले. शब्द जन्मास आला तेव्हा जिच्यासाठी तो हवा होता ती तीन वर्षांपूर्वीच गेली होती.

आपल्याकडील व्यवहारात तर द्रव्याचेही नाव लोपले आहे. सातारा-सांगलीकडे गोठ्यावर, पडवीवर वा कारखान्याच्या छपरावर जो पत्रा घालतात त्यास सर्रास ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. या नावात सिमेंट आहे, पण ॲस्बेस्टस नाही. असा पत्रा करवतीने कापताना, त्यास भोके पाडताना अथवा जुने छप्पर उतरवून फोडताना तंतू हवेत उडतात. तेथे राबणाऱ्या मजूर स्त्रीस ‘तुमचा ॲस्बेस्टसशी संबंध आला होता काय?’ असे विचारल्यास ती प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देईल. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टसच्या वापरावर सरसकट बंदी अद्याप नाही. बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हे.

(२) घरात आलेली धूळ

१९६० मध्ये वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य केप प्रांतातील ३३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मेसोथेलिओमाचा ॲस्बेस्टसशी असलेला संबंध निश्चित झाला. या रोग्यांत खाणीत कधीही काम न केलेली, केवळ त्या परिसरात वाढलेली वा राहिलेली माणसेही होती. पुढे १९६५ मध्ये न्यूहाउस व थॉम्प्सन यांनी लंडनमधील रोग्यांची चौकशी केली. ज्यांचा पूर्ववृत्तांत मिळाला अशा ७६ रोग्यांपैकी ९ जणांचा स्वतःच्या कामातून ॲस्बेस्टसशी संबंध आला नव्हता. त्यांच्या घरातील कोणीतरी ते काम करीत होते. पतीचे कामावरचे कपडे धुणारी पत्नी, हाच त्यांतील ठळक प्रकार होता.

मुंबईच्या चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात मोरीजवळ कपडे झटकणाऱ्या स्त्रीचे चित्र येथे डोळ्यांपुढे उभे राहते. घाटकोपर येथील हिंदुस्थान कॉम्पोझिट्स या कारखान्यातील कायम कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर व कान्हेरे यांनी केली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. २३२ पैकी १८१ कामगार तपासणीस आले आणि त्यांतील सुमारे २२ टक्के जणांस ॲस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले. असा रोग क्षय किंवा जुनाट श्वासनलिकादाह म्हणून नोंदला जातो, हेही त्या लेखकांनी नमूद केले आहे. पतीच्या रोगाचे नाव जेथे असे बदलते, तेथे पत्नीच्या रोगाचे खरे नाव उमटण्याची शक्यता किती, याची कल्पना करता येते. रुग्णालयाच्या कागदावर तिच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ हा शब्द लिहिला की पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वाई, जावळी, पाटण या तालुक्यांतील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे मुंबईच्या कारखान्यांत धाडली. निवृत्तीनंतर पतिपत्नी गावी परततात. रोग गावी प्रकटतो, आणि कामाचे कागद मुंबईत राहतात.

(३) ‘कामगार’ शब्दाच्या आत

१९२३ च्या कामगार भरपाई अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तिच्या ‘ब’ भागात ॲस्बेस्टसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा, आणि ‘क’ भागात ॲस्बेस्टॉसिस यांचा निर्देश होता. ‘ब’ भागातील रोगाबाबत तशा कामावर सलग सहा महिने नोकरी झालेली असल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तो रोग म्हणजे कामावरील अपघाताने झालेली इजाच असे कायदा मानीत असे. ही मोठीच सवलत होय, कारण एरवी कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याचा भार रोग्यावर पडला असता. २००९ च्या दुरुस्तीने ‘वर्कमन’ या शब्दाच्या जागी ‘एम्प्लॉयी’ हा शब्द आला. पुढे हा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या संहितेत समाविष्ट झाला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अनुसूचीतील हे रोग तीतही कायम आहेत.

या शब्दाच्या आत असणाऱ्या स्त्रिया दोन प्रकारच्या. पहिली, जिने स्वतः कारखान्यात काम केले ती. तिचा हक्क पुरुषाइतकाच आहे. दुसरी, मृत कामगाराची विधवा. ती कायद्याच्या भाषेत ‘आश्रित’ होय, आणि पतीच्या मासिक वेतनाच्या पन्नास टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून येणारी भरपाई आश्रितांस मिळते. कारखाना राज्य कर्मचारी विमा योजनेत असेल, तर मालकाऐवजी विमा महामंडळाकडून आश्रितांस लाभ मिळतात.

मुख्य अडचण मुदतीची. १९२३ च्या अधिनियमाच्या दहाव्या कलमाप्रमाणे दावा दोन वर्षांच्या आत करावयाचा असे; आणि नोकरी सुटल्यावर रोगाची लक्षणे दिसल्यास ती नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसावीत, अशी अपेक्षा होती. तीस वर्षांनी उगवणारा रोग या चौकटीत बसत नाही. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तास होता, ही त्यातील एकच फट.

या अडचणीची जाणीव सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ठेवली. आरोग्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने आदेश दिला की, ॲस्बेस्टस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराचे आरोग्यपत्रक नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जतन करावे. रोग सिद्ध झालेल्या कामगारांस प्रत्येकी एक लाख रुपये भरपाईही ठरविण्यात आली. आरोग्यपत्रक जतन करण्याचा हा आदेश विधवेच्या हातातील सर्वांत उपयोगी साधन होय. ती त्या पत्रकाची मागणी करू शकते.

(४) ‘कामगार’ शब्दाच्या बाहेर

केवळ कपडे धुण्यामुळे रोगग्रस्त झालेली पत्नी मात्र ‘कामगार’ही नाही आणि ‘कर्मचारी’ही नाही. शब्द बदलला, परंतु त्याची कक्षा तिच्यापर्यंत पोहोचली नाही. स्वतःच्या रोगासाठी तिला या अधिनियमाखाली किंवा संहितेखाली दावा नाही. तिला दिवाणी न्यायालयात हयगयीबद्दल अपकृत्याचा दावा करावा लागतो. तेथे कळीचा प्रश्न असा की, कामगाराच्या घरच्यांस अपाय होईल याची कल्पना मालकास होती काय, अथवा असावयास हवी होती काय?

इंग्लंडातील निर्णय येथे मार्गदर्शक आहेत. १९८९ च्या गन खटल्यात पतीचे कपडे धुणाऱ्या पत्नीबाबतचा दावा फेटाळला गेला. १९६५ पूर्वी या धोक्याची कल्पना मालकास नव्हती, असे न्यायालयाने मानले. उलट जून हॅनकॉक या स्त्रीने लीड्समधील आर्मली येथील जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स या कारखान्याविरुद्ध १९९५ मध्ये दावा जिंकला व १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. ती कारखान्यात कधीच कामास नव्हती. बालपणी त्या परिसरात वाढली होती. मालकाचे कर्तव्य कारखान्याच्या भिंतीशी संपत नाही, असे तत्त्व त्यातून निघते. हे निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. परंतु युक्तिवादास आधार म्हणून ते मांडता येतात. १९६५ नंतरच्या संपर्काबाबत तर ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हा बचाव बराच दुबळा ठरतो.

दुसरा मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० याचा. त्याच्या सतराव्या कलमात अपघातामुळे किंवा एखाद्या प्रक्रियेच्या अनिष्ट परिणामामुळे इजा वा मृत्यू झालेल्या ‘कामगाराव्यतिरिक्त कोणत्याही व्यक्तीस’ भरपाईची तरतूद आहे, आणि ‘कामगार’ शब्दाचा अर्थ तेथे १९२३ च्या अधिनियमातूनच घेतला आहे. म्हणजे ज्या शब्दाने एका कायद्यात स्त्रीस दाराबाहेर ठेवले, तोच शब्द दुसऱ्या कायद्यात तिला आत येऊ देतो. कारखान्यालगत राहणाऱ्या स्त्रीस हा मार्ग अधिक सरळ. कपड्यांवाटे घरी आलेल्या धुळीस तो लागू करण्यासाठी युक्तिवाद करावा लागेल. भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत करावयाचा असतो, आणि साठ दिवसांपर्यंतचा विलंब पुरेशा कारणास्तव माफ होऊ शकतो. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे, ही आपल्या भागातील लोकांची सोय होय.

(५) व्यवहारातील पायऱ्या

निदान झाल्यावर आयुष्याचे महिनेच उरलेले असतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम ऊतक तपासणीचा लेखी अहवाल व त्यात रोगाचे स्पष्ट नाव मिळवावे. रोगिणीच्या अथवा तिच्या पतीच्या नोकरीचा पुरावा, म्हणजे वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची व विमा योजनेची कागदपत्रे, सहकाऱ्यांची निवेदने, एकत्र करावी. शासकीय कार्यालयांतील नोंदी माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. दावा दाखल होताच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील सोळाव्या नियमान्वये रोगिणीची साक्ष त्वरित नोंदवून घेण्याचा अर्ज करावा. कपडे कोण धूत असे, कोठे, किती वर्षे, हे सांगू शकणारी बहुधा ती एकटीच असते. रोगिणी निवर्तल्यास १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली पती, मुले व आईवडील यांच्यासाठी दावा करता येतो. त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधिसाहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

(६) समारोप

कायद्यातील व्याख्या कोणास आत घेते हे आपण वाचतो. ती कोणास बाहेर ठेवते हे वाचावयास शिकले पाहिजे. ‘सिमेंटचा पत्रा’, ‘गृहिणी’, ‘क्षय’ व ‘कामगार’ या चारही शब्दांत काहीतरी सांगावयाचे राहून गेले आहे, आणि जे राहिले त्याचा भार एकाच स्त्रीवर पडतो. भाषेच्या विद्यार्थ्यांस त्यावरचा उपाय सर्वस्वी साधणार नाही. परंतु विधिपरिभाषा, रुग्णालयांतील नोंदपत्रके आणि व्यवसायांतील बोली यांचा अभ्यास आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास, रोगिणीच्या नोंदपत्रकात ‘घरातील कोणी कोठे कामास होते?’ एवढा एक प्रश्न वाढविता येईल. तेवढ्यानेही काही दाव्यांचा मार्ग मोकळा होईल.