दसरा काढताय? गोधड्यांचं ओझं असं करा हलकं, आणि शेततळ्यापासून लांब राहा

भादवा सरत आला की गावोगावी बायकांच्या तोंडी एकच विषय असतो, दसरा काढायचा. घट बसायच्या आत घर झाडून-सारवून, भांडी घासून, घरातल्या सगळ्या गोधड्या-वाकळा धुवून व्हायला पाहिजेत. त्यातच सोयाबीन काढणीला येतं. दिवसभर शेत आणि उरलेल्या वेळात घर, यात बाईचा जीव मेटाकुटीला येतो. काम टळणारं नाही, पण हलकं नक्की करता येतं.

दिवस वाटून घ्या
खरा त्रास होतो तो सगळं एकाच दिवसात उरकायला गेल्यामुळे. पितृपंधरवडा १५ दिवसांचा असतो. पावसाची उघडीप बघून रोज दोन गोधड्या काढल्या तरी ८ दिवसांत १६ होतात. सोयाबीन काढणीचे दिवस मात्र धुण्यातून मोकळे ठेवा. घर झाडताना आधी वरची जळमटं, मग भिंती, शेवटी जमीन; म्हणजे एकच काम दोनदा होत नाही. तोंडाला फडकं बांधा.

गोधडी धुण्याची सोपी रीत
गोधडी संध्याकाळी साध्या पाण्यात भिजत घाला. रंग जाणारी वेगळी ठेवा. सकाळी कोमट पाण्यात पावडर टाकून अर्धा तास ठेवली की मळ सुटतो. वाकून आपटत बसण्यापेक्षा मोठ्या टपात पायाने तुडवली तर कंबरेला ताण कमी येतो. तुडवताना भिंतीचा आधार घ्या, साबणाने पाय घसरतो.

सुती कापड भरपूर पाणी पितं, त्यामुळे ओली गोधडी एकटीने उचलायची नाही. पिळायचीही गरज नाही. बाजेवर टाकून तासभर निथळू द्या, मग दोघांनी मिळून वाळत घाला. इथे घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी हात लावायला हवा. पाणी भरणं, गोधड्या उचलणं, जळमटं काढणं ही कामं त्यांनी घेतली तर बाईचं निम्मं ओझं उतरतं.

शेततळ्यावर धुणं नको
पाणी जवळ म्हणून अनेक जणी शेततळ्यावर जातात. धोका तिथेच आहे. शेततळ्याच्या कडा तिरप्या असतात, त्यावरचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो. एकदा पाय घसरला की धरायला काही नसतं, वर चढता येत नाही. भिजलेली गोधडी हातात असली तर ती आणखी आत ओढते. एकीला वाचवायला दुसरी उतरते आणि दोघींचा जीव जातो. दसऱ्याच्या तोंडावर अशा बातम्या येतात.

त्यापेक्षा मोटारीचा पाइप लांबवून पाणी घराजवळ किंवा सपाट जागेवर घ्या. ते जमत नसेल तर बैलगाडीतून, टेम्पोतून दोन ड्रम भरून आणा. पोरांना शेततळ्याच्या काठावर फिरकू देऊ नका. प्रत्येक शेततळ्यावर एक लांब दोर आणि त्याला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधून ठेवा. कुणी पडलंच तर पाण्यात उडी न मारता तो कॅन फेका आणि आरडाओरडा करून माणसं गोळा करा.

एखादी वाकळ धुवायची राहिली तर ती दिवाळीआधी धुता येईल. घट बसतील तेव्हा घरातली बाई धडधाकट असली पाहिजे.