पांघरुणाबाहेरची पहिली दहा मिनिटे

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या मुलामुलींची संख्या मोजून पाहा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पंचवीस जण असले, तर नाताळच्या सुमारास त्यांतील पाच-सहाच उरतात. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला, की काही जण परत येतात. पण तोवर क्रीडास्पर्धा उरकलेल्या असतात आणि परीक्षा दाराशी येऊन ठेपलेली असते. मधल्या काळात घरोघरी एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे 'आळस'. तो पुष्कळदा ऐकला, की मुलालाही वाटू लागते, आपल्यात मुळी जिद्दच नाही.

हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. थंडीतल्या पहाटे अंथरुणातून उठणे जड का जाते, याला आकाशातली, शरीरातली आणि उष्णतेच्या नियमांतली कारणे आहेत. ती समजली, की त्यांवर उपायही शोधता येतात.

सहा वाजले, पण पहाट झाली का?

मे महिन्याच्या अखेरीस पुण्यात सूर्य सकाळी ६ च्या सुमारास उगवतो. जानेवारीच्या मध्यास तो उगवायला सुमारे ७ वाजून १० मिनिटे होतात. घड्याळात दोन्ही वेळा सहाच वाजलेले असले, तरी मे महिन्यात तेव्हा उजाडलेले असते आणि जानेवारीत बाहेर रात्रच असते. नागपूर पुण्याच्या पूर्वेस असल्यामुळे तेथे सूर्य सुमारे पाव तास आधी दिसतो. पण सगळ्या भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाला बांधलेले असल्याने नागपूरची शाळा आणि पुण्याची शाळा एकाच ठोक्याला भरते.

येथे आणखी एक गंमत आहे. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला असतो, हे आपण भूगोलात शिकतो. पण पुण्यात सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी होत नाही. तो जानेवारीच्या मध्यानंतर होतो. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. यांमुळे या दिवसांत सूर्य माथ्यावर येण्याची घड्याळातली वेळ दररोज थोडी थोडी पुढे सरकत असते. म्हणून दिवस मोठा होऊ लागला, तरी सकाळ काही आठवडे उशिराच होत राहते. 'आता दिवस मोठा होतोय, आता तरी ऊठ' असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे नम्रपणे समजावून देण्यास हरकत नाही!

अंधाराचा आणि झोपेचा संबंध नुसता सवयीचा नाही. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे २० हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हे शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून ते रोज आपली वेळ जुळवून घेते. अंधारात मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात वाढते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीराचे तापमानही याच घड्याळाबरोबर वरखाली होते. ते दिवसभर ३७ अंशांवर खिळून राहत नाही. पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास, ते सर्वांत कमी असते आणि दुपारनंतर ते सर्वांत जास्त होते. हा फरक एक अंशाच्या आसपास असतो. म्हणजे जानेवारीत अंधारात उठणारा विद्यार्थी थंड हवेत तर जातोच, शिवाय त्याचे शरीरही अजून पुरते तापलेले नसते.

फरशी गार, चटई उबदार

गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; तिच्या थरांत अडकलेली हवा आपली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. स्थिर हवेच्या मानाने पाण्याची उष्णतावाहकता वीसपटींहून अधिक आहे.

अंथरुणातून पाय खाली ठेवताच फरशी बर्फासारखी लागते. शेजारीच पसरलेली चटई मात्र तशी लागत नाही. तापमापक लावून पाहिलात, तर दोन्हींचे तापमान सारखेच भरेल. आपल्या त्वचेला वस्तूच्या तापमानापेक्षा त्वचेतून उष्णता किती वेगाने निघून जाते, हे अधिक तीव्रतेने जाणवते. फरशी ती झपाट्याने ओढून घेते, चटई सावकाश घेते. थंडीची पहिली शिरशिरी ही अशी वेगाची सूचना असते. बाहेर १२ अंश तापमान आहे, एवढ्यावरून आपण धावू शकणार नाही, असे ठरत नाही. पुढे काय होते, ते आता आकड्यांत पाहू.

धावणारी शेगडी

सपाट रस्त्यावर धावताना शरीर दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च करते. ५० किलोग्रॅम वजनाची एक विद्यार्थिनी अर्ध्या तासात ५ किलोमीटर धावली, असे समजा.

खर्च झालेली ऊर्जा = ५० × ५ = २५० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १० लाख ४६ हजार ज्यूल.
वेळ = १८०० सेकंद.
शक्ती = सुमारे ५८० वॅट.

स्वस्थ बसलेली असताना तिचे शरीर सुमारे ८० वॅट दराने उष्णता निर्माण करते. धावताना हा खर्च सातपट होतो. स्नायूंची कार्यक्षमता फार तर पाव असल्याने निदान तीन चतुर्थांश ऊर्जा थेट उष्णता बनते. ही सुमारे १९० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडूच शकली नाही, तर काय होईल? शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ धरली, तर तापमान १९० ÷ (५० × ०.८३), म्हणजे जवळजवळ साडेचार अंशांनी वाढेल. ३७ अंशांवरून ४१ च्याही पुढे, म्हणजे प्राणावर बेतण्याइतके!

ही उष्णता टाकून देण्याचे मार्ग म्हणजे वहन, अभिसरण, प्रारण आणि घामाचे बाष्पीभवन. मे महिन्यात हवाच ३७ अंशांच्या जवळ पोचलेली असते, तेव्हा पहिले तीन मार्ग जवळपास बंद पडतात. सगळा भार घामावर येतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता नेतो, म्हणजे १९० किलोकॅलरींसाठी तीनशे ग्रॅमहून अधिक घाम वाळावा लागेल. त्यासाठी रक्ताचा मोठा प्रवाह त्वचेकडे वळतो आणि हृदयाला दुप्पट चाकरी करावी लागते, स्नायूंची आणि त्वचेचीही. थंड हवेत हेच काम आसपासचा वारा फुकटात करतो. मॅरेथॉन शर्यतींच्या निकालांचा अभ्यास केल्यावर असे दिसले आहे, की लांब पल्ल्याच्या धावकांच्या उत्तम वेळा साधारण १० अंशांच्या आसपासच्या हवेत लागतात.

थंडीच्या लाटेत निफाडसारख्या ठिकाणी पारा ५ अंशांखालीही जातो, हे खरे. पण महाराष्ट्रातील बहुतेक गावांत हिवाळ्याची सकाळ १० ते १५ अंशांची असते. म्हणजे आपण ज्या ऋतूत धावणे सोडून देतो, तोच धावण्याला सर्वांत अनुकूल ऋतू आहे! अडचण असते ती फक्त पहिल्या दहा मिनिटांची.

शेगडी पेटायला वेळ लागतो

स्नायूतील उष्णतेचा कसून अभ्यास आर्चिबाल्ड हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केला. त्यासाठी त्याला १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हिल मूळचा गणिताचा विद्यार्थी आणि स्वतः धावण्याचा शौकीन. धावणाऱ्या माणसाच्या उच्छ्वासाची हवा गोळा करून त्याने प्राणवायूचा वापर मोजला. धावू लागताच हा वापर एकदम वाढत नाही; तो चढत चढत काही मिनिटांनी त्या वेगाला साजेशा पातळीवर पोचतो. स्नायूही तापल्यावरच मोकळेपणाने काम करतात, कारण त्यांतील रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो.

म्हणून थंडीत पहिल्या मिनिटापासून वेगाने धावणे चूक आहे. आधी चालावे, मग हळू पळावे. दहाव्या मिनिटाला जे शरीर आपल्याला लाभते, ते पहिल्या मिनिटाला नसते. निर्णय मात्र आपण पहिल्या मिनिटातल्या शरीराला विचारून घेतो आणि परत पांघरूण ओढतो.

आपण पदार्थविज्ञानात शिकतो, की जड पेटी हलवायला जेवढे बल लागते, त्याहून कमी बलाने ती पुढे सरकत ठेवता येते. स्थितिक घर्षण गतिक घर्षणाहून अधिक असते. मनाला हा दाखला अर्धाच लागू पडतो, कारण पेटीला कालची आठवण नसते आणि माणसाला असते. काल दम तुटेपर्यंत धावलेल्याला आज उठणे अधिक जड जाते. काल थोडी ताकद राखून थांबलेला आज सहज निघतो. तेव्हा करायचे ते एवढेच:

१. कपडे, मोजे आणि बूट रात्रीच उशाशी काढून ठेवावेत. पहाटे शोधाशोध करावी लागली, की घर्षण वाढले!
२. उठताच खोलीतील दिवा लावावा. शक्य असल्यास सूर्योदयाच्या सुमारास निघावे. अंधारात वाहनांच्या रस्त्यावर धावू नये.
३. एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ कपडे घालावेत, म्हणजे मधली हवा उपयोगी पडते आणि अंग तापल्यावर एक काढता येतो.
४. 'पाच किलोमीटर धावेन' असे न ठरवता 'दहा मिनिटे बाहेर जाईन' असे ठरवावे. दहा मिनिटांनंतर परत येण्याची पूर्ण मुभा ठेवावी. ती फारशी वापरली जात नाही.
५. घामाने भिजलेला सदरा परतताच बदलावा. ओल्या कपड्यातील पाणी उष्णता भराभर नेते.
६. शाळा सकाळची असेल, तर संध्याकाळी धावावे. त्या वेळी शरीराचे तापमान अनुकूलच असते. पहाटेच धावले पाहिजे, असा निसर्गाचा नियम नाही.

अभ्यासाचेही असेच असते. पहाटे पुस्तक उघडताना आधी कालचे सोडवलेले एक उदाहरण पुन्हा करावे आणि मग नव्या प्रकरणाला हात घालावा.

धुराची चादर

एक सावधगिरी मात्र हवी. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन प्रारणाने उष्णता गमावते आणि तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. थंड, जड हवा खालीच बसून राहते. शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर वर न चढता चादरीसारखा आडवा पसरलेला आपण पाहतो, तो यामुळेच. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो; धावताना हे प्रमाण ५० लिटरच्याही पुढे जाते. तेव्हा धूर साचलेल्या जागी धावणे टाळावे. ऊन चढून जमीन तापली, की ही चादर विरते. दम्याचा त्रास असणाऱ्यांना थंड, कोरडी हवा बाधू शकते. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

करून पाहा

एका वहीत पंधरा दिवस पुढील नोंदी ठेवा: उठण्याची वेळ, सूर्योदयाची वेळ, बाहेरचे तापमान, उठताना किती नकोसे वाटले (० ते १० गुण) आणि दहा मिनिटे चालल्या-धावल्यानंतर किती नकोसे वाटले (पुन्हा ० ते १० गुण). एखादा दिवस चुकला, तर ती ओळ कोरी ठेवा, पण वही बंद करू नका. शेवटी दोन्ही गुणांचे आलेख एकाच कागदावर काढा आणि वर्गातील मित्रमैत्रिणींच्या आलेखांशी ताडून पाहा. दोन रेषांमधले अंतर किती आहे आणि ते कोणत्या दिवशी सर्वांत जास्त होते, हे शिक्षकांबरोबर बसून शोधा. सोळाव्या दिवशी पांघरुणात पडल्या पडल्या 'आज नको' असे वाटेल, तेव्हा तो आलेख उपयोगी पडेल.