आजीची ओवी इतिहासाच्या तासाला

बालभारतीच्या इतिहासाच्या पुस्तकात साधनांचा धडा असतो. भौतिक, लिखित, मौखिक असे तीन प्रकार, आणि मौखिक साधनांच्या यादीत जात्यावरच्या ओव्या. परीक्षेला एवढा उल्लेख पुरतो आणि तास पुढे सरकतो. नाणी आणि ताम्रपटांची निदान चित्रं तरी पाहायला मिळतात, ओवी मात्र वर्गात सहसा कुणी ऐकवत नाही. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात तर हे साधन शाळेपासून हाकेच्या अंतरावर, एखाद्या ओसरीवर बसलेलं असतं. ते वर्गात कसं आणायचं आणि त्यात मोबाइल-संगणकाचा उपयोग कुठे होतो, कुठे होत नाही, ते क्रमाने पाहू.

सुरुवात तयार साठ्यापासून करावी. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोन संशोधकांनी १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला घेतल्या. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायका या कामात होत्या. गावातल्या बाईने गावातल्या बाईला विचारायचं, म्हणून दारं उघडली. पुढे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि एक हजारावर गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखावर ओव्या कागदावर उतरल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार येऊन मिळाले. त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि ओव्यांचा संगणकीय कोश रचला. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या आवाजासह इंटरनेटवर आणल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या ओव्याही त्यात आहेत.

या कोशाची रचना मुलांना नीट दाखवावी, कारण खरा धडा तिथेच आहे. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आणि तालुका आहे, आणि विषय आहे: सीतेचा वनवास, आई-लेक, भाऊ-बहीण, सासुरवास, पंढरीची वारी, बाबासाहेब आंबेडकर. म्हणजे आपण नाव धरून शोधू शकतो, गाव धरून शोधू शकतो, विषय धरूनही शोधू शकतो. एरवी ओवीवर ‘लोकगीत’ असा शिक्का बसला की ती कुणाचीच राहत नाही. इथे एका लाखात एक ओवी उचलली तरी ती कुणाच्या तोंडून आली ते सांगता येतं. तंत्रज्ञानाने केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे आणि त्याला महागडं काहीच लागलेलं नाही. नाव लिहून ठेवण्याची शिस्त आणि ते पुन्हा सापडण्याची सोय, एवढंच लागलं.

वर्गात पहिल्यांदा नुसता आवाज ऐकवावा, मजकूर दाखवू नये. कागदावर ओवी दोन ओळींची असते. गाताना तिच्यात ‘गं बाई’सारखी पालुपदं येतात, शब्द परत येतात, ओळ मध्येच तुटते आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर पुन्हा जुळते. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. मग मुलांना विचारावं: ही कुणाशी बोलते आहे? कोणतं काम चाललं आहे? कुणाची नावं आली आणि कुणाचं आलं नाही? सीतेवरच्या ओव्या इथे फार उपयोगी पडतात. रामायण मुलांना ठाऊक असतं, पण त्या गोष्टीत बाई सीतेची बाजू घेऊन रामाला जाब विचारते, हे त्यांनी ऐकलेलं नसतं.

यानंतर मुलांनी स्वतः नोंद करायची, आणि इथे घाई करू नये.

आजीसमोर मोबाइल धरून ‘ओवी म्हण’ म्हटलं तर ती म्हणणार, ‘आता काय आठवतंय, बाळा.’ जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही, ही म्हण अनुभवातून आलेली आहे. पिठाची चक्की गावात आली तसं पहाटेचं दळण थांबलं, ओवी म्हणायचं निमित्त गेलं. पण हळदीला जातं अजून बाहेर निघतं. तेव्हा जातं मांडावं, मूठ मूठ वैरण घालावी, दोघीतिघींना समोरासमोर बसवावं. खुंट्यावर हात गेला की पहिली ओळ येते, आणि एकीची संपली की दुसरीला आपली आठवते.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल पुरतो. तो आधी विमान मोडवर टाकावा, नाहीतर ओवीच्या मध्येच फोन वाजतो. पंखा आणि टीव्ही बंद करावा. सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून खाली गोधडी अंथरावी किंवा ओसरीवर बसावं. मोबाइल जात्याशेजारी जमिनीवर ठेवला तर घरघरच जास्त येते. तो घडी केलेल्या कापडावर, गाणाऱ्या बाईच्या तोंडाच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवावा. मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखी पाठवू नये, त्यात आवाजाचा दर्जा खालावू शकतो. केबलने थेट शाळेच्या संगणकात उतरवावी आणि लगेच आणखी दोन ठिकाणी प्रत ठेवावी. एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर.

मग तक्ता भरायचा. त्यात नाव, सासर, माहेर, वय, ओवी कुणाकडून शिकली, तारीख आणि ध्वनिमुद्रण कुणी केलं, हे रकाने हवेत. जात आणि शिक्षण ती सांगेल तरच लिहावं. वयाच्या रकान्यात मुलं अडतात, कारण पुष्कळ आज्यांची आधारवरची जन्मतारीख अंदाजाने टाकलेली असते. अशा वेळी घटनांच्या आधाराने विचारावं. पानशेत फुटलं (१९६१) तेव्हा तू केवढी होतीस? कोयनेचा भूकंप (१९६७) आठवतो का? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, पदरात मूल होतं का?

बहात्तरचं नाव निघालं की बहुतेक ठिकाणी ओवी बाजूला राहते आणि आजी बोलू लागते. तिला थांबवू नये. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांत आणि मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. सुकडी नावाचं कोरडं पूरक खाणं वाटलं जायचं. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली विधिमंडळात मंजूर झाला. पुस्तकात रोजगार हमी एक योजना म्हणून येते. ज्या हातांनी ती कामं उभी राहिली त्यातले काही हात याच गावात आहेत, आणि फार वर्षं नसतील. इतिहासाच्या शिक्षकाने यासाठी एक आख्खा तास मोडावा, असं माझं ठाम मत आहे.

माहेरचा रकाना रिकामा राहू देऊ नका. गूगलच्या नकाशावर प्रत्येक आजीच्या माहेराला एक खूण करावी. निमोण्याचा शिवार घोड नदीच्या खोऱ्यातला, नदीपलीकडे श्रीगोंदा, वर पारनेर, खाली दौंड. सुना या साऱ्या मुलखातून येतात आणि ओव्या त्यांच्याबरोबर येतात. पुरुषांची वंशावळ एका गावात उभी वाढते, बायकांची गावोगाव आडवी पसरते. नकाशावर वीस-तीस खुणा झाल्या की मुलांना ते डोळ्यांनी दिसतं. एकच ओवी दोन आज्यांकडून निराळ्या शब्दांत आली, तर दोघींची माहेरं तपासावीत.

मजकूर उतरवण्यात यंत्राची मदत कमी मिळते. मराठी बोलणं ऐकून टंकणारी साधनं आता मोबाइलवर आहेत, सरकारची ‘भाषिणी’ही आहे. गप्पांचा कच्चा मसुदा करायला ती चालतील. पण गायलेली ओळ, जात्याची घरघर आणि बोलीतले शब्द आले की ती अडखळतात आणि ओळखीचा प्रमाण शब्द घुसडतात. म्हणून ओव्या मुलांनीच ऐकून हाताने लिहाव्यात. आजी ‘व्हती’ म्हणाली तर ‘व्हती’च लिहावं. लाल शाईची सवय इथे आवरावी लागते. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारून तो तिलाच विचारावा. अवजारांची, धान्याची, नात्यांची नावं याच विचारपुशीत हाती लागतात.

आता परवानगी. ध्वनिमुद्रण झाल्यावर ते तिला परत ऐकवावं आणि विचारावं, हे घरातच ठेवायचं, शाळेत ऐकवायचं की सगळ्यांसाठी खुलं करायचं? सासुरवासाच्या ओवीत घरातली माणसं असतात, आणि ती माणसं किंवा त्यांची लेकरं आज गावात असतात. तिचं उत्तर तक्त्यात लिहावं आणि ते पाळावं. उद्या तिने मत बदललं तर फाइल काढून टाकावी.

जे खुलं करायचं त्यासाठी क्यूआर कोड सोयीचा. मुलांना तो पाठ्यपुस्तकातल्या ‘दीक्षा’मुळे ओळखीचा आहे. कोड शाळेच्या वाचनालयात लावावा, खाली ठळक अक्षरांत आजीचं नाव. गावात नेट अडतं, म्हणून त्याच फाइली शाळेच्या संगणकातही असाव्यात.

शेवटी एक काम मुलांना घरी द्यावं: आजीचं हेच नाव घरच्या कागदांवर शोधायचं. महाभूलेखच्या संकेतस्थळावर आपल्याच घरचा सातबारा उघडून पाहायचा. आजीचं नाव आहे का, असलं तर कोणत्या वर्षी आणि कसं लागलं, ते फेरफारावरून पाहायचं. त्याच्या शेजारी रेशनकार्ड ठेवायचं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यावर घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख मानलं आहे. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. राज्य सरकारने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव बंधनकारक केलं. ही सगळी सनावळी आहे, पण आता ती आपल्या घरातल्या कागदावर पडताळता येते. जन्मभर शेतात राबलेल्या बाईचं नाव कोणत्या कागदावर आहे आणि कोणत्यावर नाही, हे मुलांनी स्वतः शोधलं की त्यावर वेगळं व्याख्यान लागत नाही.

शिक्षकांना एकच विनंती. निमोण्यात असा, न्हावऱ्यात असा की दौंडमध्ये, वर्षभराचा प्रकल्प आखत बसू नका. या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या एका आजीचं एक ध्वनिमुद्रण करावं, आणि पहिल्याच मिनिटात तिचं नाव, माहेरच्या नावासकट, तिच्याच तोंडून घ्यावं.