मावशींची दृष्टी

सुरतेस उधना भागात राहणाऱ्या एका वृद्ध मावशींना मिस्सेच्या वेळी वेदीवरील मेणबत्ती दिसे; पाहू जावे तो नेमकी ज्योतच दिसेनाशी होई. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, या समजुतीत त्यांनी वर्ष घालविले. तपासणीत निराळेच निघाले. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग वार्धक्याने झिजत होता. "फादर, मी आंधळी होणार का?" त्यांनी विचारले. आम्हांस उत्तर सुचेना.

ते डॉक्टरांनी दिले. या विकारात समोरचे अंधुक होते. कडेची दृष्टी बहुधा शाबूत राहते. त्यांचा प्रकार कोरडा. झिजलेले परत येत नाही. ओला प्रकार उद्भवल्यास डोळ्यात इंजेक्शने देऊन पुष्कळदा आवरता येतो, पण विलंब चालत नाही. म्हणून चष्मा लावून, एकेक डोळा झाकून चौकटींचा कागद रोज पाहावयाचा. सरळ रेघ वाकडी भासताच दवाखाना गाठावयाचा. विडी ओढणाऱ्यास हा रोग अधिक गाठतो, हे त्यांच्या चिरंजीवांना आम्ही मुद्दाम ऐकविले.

शेजारणीने तोबिताचा दाखला देऊन माशाचे पित्त सुचविले होते! कृपा करून तसे कुणी करू नये.

मावशी आता मान किंचित वळवून नातवंडांचे चेहरे पाहतात. जपमाळेला डोळे लागतच नाहीत. शिवणकाम मात्र सुटले, आणि ते दुःख अजून आहे.